दातांच्या खुणांची पुस्तकं

आज बाजाराचा दिवस आहे, म्हणून बायका घरी सापडतात. एरवी वेचणीच्या या दिवसांत राळेगाव तालुक्यातल्या गावांमध्ये सकाळी आठनंतर म्हातारी माणसं, कोंबड्या आणि शेळ्या एवढंच उरतं. बाजाराच्या दिवशी मात्र कापूस वेचणीला सुट्टी, आठवड्याच्या मजुरीचा हिशेब, निवांत केस धुणं, आणि आज त्यात पालक मेळाव्याची भर. ठरवून दिलेली तारीख दुसरीच होती. "त्या तारखेले घेतला असता तं मी आन् सतरंजी, दोघीच राह्यलो असतो," असं म्हणत अंगणवाडीताई व्हरांड्यात पाणी शिंपडतात.

खोली एकच आहे. भिंतीवर फळं, आकडे, मुळाक्षरं आणि गालांवर गुलाबी गोळे काढलेला हसरा सूर्य. ज्यांच्यासाठी हा मेळावा आहे त्यांच्यातल्या कुणालाही या भिंतीवरचं काही वाचता येत नाही. सगळ्यांत मोठ्या पाहुणीला अजून तीन वर्षं पूर्ण व्हायची आहेत, सगळ्यांत लहान पाहुणा सव्वा महिन्याचा होऊन पहिल्यांदाच उंबरा ओलांडून आला आहे, आणि चार जण तर अजून पोटात आहेत.

आधी वजन. ते झाल्याशिवाय कुणी खाली बसतच नाही. मदतनीस मावशी काट्याच्या झोळीत एकेक लेकरू घालतात, ते पाय झाडत भोकाड पसरतं आणि ताई आकडा मोठ्यानं वाचतात. "सात दोनशे!" मागच्या महिन्यात किती होतं हे आईच्या आधी शेजारीण सांगते. आकडा मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकरमध्ये भरायचा असतो, पण रेंज हापशीपाशी गेल्याशिवाय येत नाही, म्हणून तो तूर्तास वहीत जातो. वजनाचं हे वेड उगीच लागलेलं नाही. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली तेव्हा समोर कुपोषण उभं होतं. तिच्या सहा सेवांत शालापूर्व शिक्षणही होतं, पण ते तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. तीनच्या आतल्यांच्या वाट्याला आहार, लस आणि तपासणी. त्यामुळे पन्नासेक वर्षांत गावानं किलो आणि ग्रॅम तोंडपाठ केले. बाळाशी दिवसभरात कोण किती बोललं, हा हिशेब कुणी मागितला नाही आणि म्हणून कुणी ठेवलाही नाही.

आजच्या मेळाव्याला तो मागायचा आहे. व्हरांड्यात खडूनं चार गोल आखले आहेत: गरोदर बायकांचा, सहा महिन्यांपर्यंतच्यांचा, वर्षापर्यंतच्यांचा आणि पळणाऱ्यांचा. या पद्धतीचं मूळ इथून लांब नाही. पूर्वेला वर्धा नदी ओलांडली की वर्धा जिल्हा आणि तिथे सेवाग्राम. तिथल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेनं युनिसेफ आणि राज्याच्या बालविकास विभागाबरोबर 'आरंभ' नावाचा उपक्रम उभा केला. तीन वर्षांच्या आतल्या लेकरांशी खेळावं, बोलावं, त्यांना उत्तर द्यावं, आणि हे घरच्यांना भाषणातून न सांगता करून दाखवावं, असा त्याचा रोख. सुरुवातीला निवडलेल्या जिल्ह्यांत आपला हा यवतमाळ जिल्हा होता. सेवाग्रामच्या मातीला हा विचार नवा नाही. १९४५ च्या जानेवारीत तिथे भरलेल्या परिषदेत नई तालीम ही शिक्षणपद्धती सात ते चौदा या वयाच्या कुंपणातून बाहेर काढून आईच्या पोटापासून सुरू होणारी आणि मरेपर्यंत चालणारी ठरवली गेली. शांता नारूलकर यांनी तिथेच पूर्वबुनियादी शाळा चालवली. इतकं जुनं शहाणपण नदी ओलांडून अलीकडच्या तीरावर यायला किती काळ लागला, असा प्रश्न मला पडतो. तो मी गिळतो, कारण ताई कपाट उघडत आहेत.

लोखंडी कपाट, वर कुलूप. आत वरून आलेला पुस्तकांचा संच आहे. गुळगुळीत कागद, सुंदर रंग, आणि बहुतेकांच्या कोपऱ्याला अजून बोटाचा डागसुद्धा नाही. ताई तो संच टेबलावर ओळीनं मांडतात आणि टेबल भिंतीकडे सरकवतात, म्हणजे हात पोचू नयेत. माझ्या चेहऱ्यावरचा प्रश्न त्यांना दिसतो.

"साठा नोंदवहीत नग लिहिलेले हायेत. तपासणीले आले का मोजते. एखादं फाटलं तं मी काय सांगू? बाळानं खाल्लं म्हणून?"

हे हसण्यावारी नेता येत नाही. त्या पगारी नाहीत, मानधनावर आहेत. २०२३ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या राज्यभराच्या संपात त्याही पन्नासेक दिवस घरी बसल्या होत्या. फाटलेल्या पानाचे पैसे खरंच कुणी कापून घेईल की नाही हा मुद्दा नाही. भीती पुरेशी आहे. मला मात्र खोलीच्या दोन कोपऱ्यांत मांडलेली गंमत दिसते. एका कोपऱ्यात घरी न्यायच्या आहाराची पाकिटं रचली आहेत. ती संपली तर सगळे खूश, उरली तर चौकशी. दुसऱ्या कोपऱ्यातलं पुस्तक वर्षअखेर जसंच्या तसं दिसलं तर सगळे खूश. एका मालानं संपायचं, दुसऱ्यानं टिकायचं. आणि सात महिन्यांच्या बाळाला पुस्तक द्यायचं म्हटलं तर ते संपणारच. त्याच्याजवळ पुस्तक वाचायचं दुसरं साधन नाही, तोंडच आहे.

तेवढ्यात बचत गटाच्या बायका गाठोडं घेऊन येतात.

गाठोड्यात कापडी पुस्तकं आहेत. गावात ब्लाउज शिवणाऱ्या एका बाईच्या मशीनवर ती शिवली आहेत. पान तळहाताहून थोडं मोठं. दोन थर मांजरपाटाचे, मध्ये जुन्या चादरीचा तुकडा, म्हणजे पानाला थोडा जाडपणा येतो आणि बाळाच्या मुठीत ते धरता येतं. चित्रं ब्लाउजपीसच्या उरलेल्या चिंध्यांची. मणी, बटण, टिकली काहीही नाही. सुटलं तर घशात जाईल. पहिल्या पानावर नुसते काळे-पांढरे पट्टे आहेत. ते कशाला, असं एक सासूबाई विचारतात. गावच्या आशा स्वयंसेविका, आशाताई, उत्तर देतात: नुकत्या जन्मलेल्या बाळाला वीतभर-दीड वीत अंतरावरचंच नीट दिसतं, पाजताना आईचं तोंड असतं ना, तेवढंच, आणि रंगांपेक्षा काळं-पांढरं आधी कळतं. पुढच्या पानावर कपाशीचं फुटलेलं बोंड. मग बकरी, चूल, लाल एसटी, चंद्र. तान्ह्या पोळ्यातला चाकांचा लाकडी बैल. शेवटच्या पानासाठी प्रत्येकीनं आपल्या नेसत्या लुगड्याचा किंवा साडीचा तुकडा आणून दिला आहे. त्यावर चित्र काही नाही. माझ्या मते ही कल्पना जरा लाडिक आहे. पण सव्वा महिन्याच्या पाहुण्याच्या आजीनं ते पान त्याच्या गालाशी नेलं आणि त्यानं मान तिकडे वळवली, तेव्हा मी मत राखून ठेवलं.

एकाही पानावर अक्षर नाही. बारावी झालेली एक तरुण आई पुस्तक पुढून-मागून पाहते आणि विचारते, "आन् वाचाचं काय याच्यात?" तिला पुस्तक म्हणजे ओळी माहीत आहेत. शेजारी बसलेली तिची आतेसासू कधी शाळेत गेली नाही. तिला ही अडचण येत नाही. ती बकरीवर बोट ठेवून सरळ सुरू होते, आपल्याच बकरीबद्दल, जी परवा दोरी तोडून सरपंचाच्या तुरीत घुसली. यातून निरक्षर ते शहाणे आणि शिकलेले ते अडाणी असला काही निष्कर्ष मी काढत नाही, कारण पाचच मिनिटांत बारावीवालीनं एसटीच्या पानावर कंडक्टर, घंटी, तिकीट आणि माहेर असा सगळा प्रवास उभा केला आहे, आणि तिच्या मांडीवरचं बाळ 'टिंग' म्हटलं की हसतं. पुन्हा 'टिंग'. पुन्हा हसू. हा खेळ कुणालाही कंटाळा न येता चालूच राहतो.

गरोदर बायकांच्या गोलात मात्र शांतता आहे. पोटाशी बोला, असं सांगितलं की त्या एकमेकींकडे पाहून पदर तोंडाला लावतात. "कोणी ऐकलं तं म्हणन, हिले लागलं काही." आशाताई दामटून सांगतात की पोटातल्याला आवाज पोचतो. ते खरं आहे. अमेरिकेतल्या अँथनी डीकॅस्पर या मानसशास्त्रज्ञानं १९८० मध्ये दाखवलं की तान्ही बाळं परक्या बाईच्या आवाजापेक्षा आईचा आवाज ऐकू यावा म्हणून चोखण्याची लय बदलतात. पुढे १९८६ मध्ये त्यानं आणि मेलनी स्पेन्स हिनं गरोदर बायकांना शेवटच्या आठवड्यांत एकच गोष्ट रोज मोठ्यानं वाचायला लावली, आणि जन्मल्यावर बाळांनी ऐकलेलीच गोष्ट निवडली. हा प्रयोग मी इथे सांगत नाही. इथे त्याची गरजही नाही. पाचव्या महिन्यातली एक मुलगी हळूच म्हणते, "मी जात्यावर बसली का हे हालते," आणि सगळ्याजणी एकदम बोलायला लागतात. कोणतं भजन म्हटलं की, कुणाचा आवाज आला की, नवरा रागावला की. गोल भरून जातो. ताई खडूनं आखलेल्या रेषेवर बसून नुसतं ऐकतात.

वर्षापर्यंतच्यांच्या गोलात सात महिन्यांचा एक गडी पुस्तकाचा कोपरा तोंडात घालून बसला आहे. लाळेनं चंद्र भिजला आहे. आजी ओढून घेते, "घाण हाय थे!" तो किंचाळतो. ताई पुस्तक परत त्याच्या हातात देतात. "चावू द्या आजी. धुवून आणलं हाय. चावल्यावरच तं कळन ना त्याले का हे काय हाय." आजीला पटत नाही, पण नातवाचा आवाज थांबल्यामुळे ती हट्ट सोडते. पाच मिनिटांनी तो पुस्तक तोंडातून काढतो, निरखून पाहतो, आणि चंद्रावर थाप मारतो. मग आजीकडे पाहतो. आजीच्या तोंडून आपोआप येतं, "चांदोबा." एवढंच घडतं. बाळ वस्तूकडे बघतं, मग माणसाकडे बघतं, माणूस नाव सांगतं. पुढे सहाव्या-सातव्या वर्षी फळ्यावरच्या अक्षराकडे बघून गुरुजींकडे बघायचं जे काम आहे, ते हेच.

त्याच्या पलीकडे एक कोलाम आई बसली आहे. नाल्यापलीकडच्या पोडावरून, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरून, ती चालत आली आहे, कडेवर अकरा महिन्यांची मुलगी. महाराष्ट्रात विशेष दुर्बल म्हणून नोंदलेल्या तीन आदिवासी जमातींपैकी कोलाम ही एक. त्यांची कोलामी ही द्राविडी कुळातली भाषा आहे. बाकीच्या गावाला ती येत नाही आणि पुष्कळांना ती हसण्याची गोष्ट वाटते. ही बाई मघापासून गप्प आहे. पुस्तक हातात आहे, मुलगी ते उघडझाप करते आहे, पण आई बोलत नाही. ताई तिच्याजवळ उकिडव्या बसतात. "तुह्या बोलीत बोल बापा. आमाले कळाले नाही पाह्यजे, तिले कळाले पाह्यजे." ती सगळ्यांकडे पाठ करून बसते. मग तिचा आवाज सुरू होतो, हळू आणि भरभर. मला त्यातला एक शब्दही समजत नाही. मुलीला सगळं समजतं. ती बैलाच्या चाकावर बोट ठेवते आणि आईनं काही म्हटलं की अंग घुसळून हसते. कागदी पुस्तकावर मराठी ओळ छापलेली असती तर या आईनं ते बंद करून ठेवलं असतं. चित्रापुढे तिची भाषा कुणाहून कमी नाही. शाळेत गेल्यावर या मुलीसमोर एकदम परकी भाषा येणारच आहे; तोवर तिच्याजवळ आपल्या भाषेची भरपूर पुंजी असेल तर त्या परक्या भाषेतही ती उभी राहू शकते. हा विचार माझा. आई पुढच्या पानावर गेली आहे.

पुरुष फाटकापाशी आहेत, मोटरसायकलींना टेकून. आत यायला लाजतात. एकाला बायकोनं हाक मारून बोलावलं आहे, कारण अडीच वर्षांचं पोरगं तिला आवरत नाही. तो येतो, गोलाच्या बाहेरच उभा राहतो आणि ताईंना रोखठोक विचारतो, "हे सारं ठीक हाय म्याडम, पण एबीसीडी कधी शिकवान? कॉन्व्हेंटात तं नर्सरीपासूनच लिहाले लावते."

प्रश्न खरा आहे. तालुक्याच्या ठिकाणी जाणारी कॉन्व्हेंटची गाडी रोज सकाळी याच रस्त्यावरून जाते, आणि पोराला त्यात बसवण्यासाठी हा माणूस कापसाचे पैसे बाजूला काढणार आहे. त्याला उपदेश करण्यात अर्थ नाही. ताई करतही नाहीत. त्या पुस्तक त्याच्या हातात देतात. "आधी हे दाखवा त्याले."

तो अवघडून खाली बसतो. "हे काय हाय?"

"बइल."

"कोनाचा बइल?"

पोरगं विचार करतं. "आपला. ढवळ्या."

ढवळ्या यंदा विकला. बापाचा चेहरा जरा बदलतो, पण पोरगं आता थांबणार नाही. "ढवळ्या कुटी गेला?" आणि बाप सांगायला लागतो. ढवळ्या म्हातारा झाला, मग गाडीत बसला, गाडीत बसताना ऐकेना, मग आबानं त्याला भाकर दिली, मग तो गेला. आता त्याच्याकडे खूप मोठं वावर आहे. शेवटचा भाग खोटा असावा. पण गोष्टीला सुरुवात आहे, मध्ये अडथळा आहे, कारण आहे, शेवट आहे. पोरगं मध्येच दुरुस्त करतं: भाकर नव्हे, गूळ. बाप मान्य करतो. पुढे दुसरी-तिसरीच्या परीक्षेत 'उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा' असं येतं, तेव्हा हेच हवं असतं, आणि पुष्कळ मुलं तिथेच अडतात. त्यांना अक्षरं लावता येतात, पण पुढे काय झालं असेल हे विचारायची सवय लागलेली नसते. एबीसीडीचा प्रश्न आत्ता तरी पुन्हा निघत नाही. दुपारी निघेल.

एका कोपऱ्यात वेगळंच चाललं आहे. भरवायची वेळ झाली म्हणून एका आईनं सवयीनं मोबाइल काढून बाळापुढे धरला आहे आणि त्यातलं गाणं सुरू होताच आजूबाजूची चार पोरं आपापली पुस्तकं टाकून तिकडे सरकली आहेत. कापडी बैल मोबाइलपुढे टिकत नाही, हे कबूल करायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं की वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा दाखवूच नये. पण ज्या बाईला एका हातानं भाकरी थापून दुसऱ्यानं लेकरू सांभाळायचं आहे तिच्या घरात ती सूचना कशी पोचवायची? आशाताई मोबाइलवर आक्षेप घेत नाहीत. त्या फक्त आवाज बंद करतात आणि म्हणतात, "आता तूच म्हण ते गाणं." आई लाजते, मग म्हणते, बेसूर. दोन पोरं परत जातात. दोन तिथेच बसतात.

ताई मला हळूच एक योजना सांगतात. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाची लस असते. त्या दिवशी प्रत्येक बाळाला एक कापडी पुस्तक घरी द्यायचं. सुईच्या दुखण्यावर उतारा म्हणून. याला काही आधार आहे का, असं त्या विचारतात. आहे. १९९२ मध्ये इंग्लंडातल्या बर्मिंगहॅममध्ये 'बुकस्टार्ट' नावाचा उपक्रम असाच सुरू झाला: ग्रंथालय आणि आरोग्यसेवा यांनी हातमिळवणी केली आणि बाळाच्या तपासणीच्या निमित्तानं ३०० कुटुंबांना पुस्तकांची पिशवी दिली. त्याआधी १९८९ मध्ये बोस्टनच्या सरकारी रुग्णालयात बालरोगतज्ज्ञांनी तपासणीच्या खोलीतूनच पुस्तकं द्यायला सुरुवात केली होती. दोन्हीकडे हिशेब साधा होता: ग्रंथालयात न जाणारी आई लसीला मात्र येतेच. ताईंना बर्मिंगहॅममध्ये रस नाही. त्या विचारतात, "ती पुस्तकं परत घेत होते का?" नाही, असं मी सांगतो. त्यांना हवं तेवढं कळतं.

साडेअकराच्या सुमारास स्कूटीवरून सुपरवायझर मॅडम येतात. फोटो काढतात, गोल मोजतात, मग टेबलावरचा कागदी संच मोजतात. बरोबर आहे. त्यांची नजर गाठोड्याकडे जाते. "हे कुठून आलं? नोंद?"

सगळ्या बायका गप्प. शिवणारी बाई पदरानं तोंड पुसते. नोंद साठा नोंदवहीत झाली तर ही पुस्तकंही कुलपात जाणार, हे तिलाही माहीत आहे. सात महिन्यांच्या गड्यानं तर एकाचा कोपरा अर्धा उसवलाच आहे. मॅडम ते ओलं पुस्तक उचलतात, उलटतात, बोटांनी दातांची खूण चाचपतात. त्यांनाही घरी नात आहे, असं नंतर कळतं. थोडा वेळ विचार करून त्या नोंदवहीची मागची पानं काढायला सांगतात. तिथे वापरून संपणाऱ्या वस्तूंची यादी आहे. फिनेल, साबण, खडू, झाडू.

"यात लिहा. कापडी पुस्तकं. संपली की संपली लिहायचं, नवीन आली की आली."

ताई पेन काढतात आणि झाडूच्या खालच्या ओळीत लिहायला लागतात. शिवणारी बाई वाकून पाहते.

"झाडूच्या खाली काहून वो? वर लिहा ना, साबणापाशी."

"वर जागा नाही."

"मंग पुढच्या पानावर घ्या. आन् चोवीस नका लिहू, बावीस लिहा. दोन त्या पोडावरच्या बाईनं नेली, तिची जाऊ पोटुशी हाय."